आकड्यांची पाटी रुसते तेव्हा

गेल्या आषाढातली गोष्ट. लावणीची घाई सुरू होती आणि नेमका तेव्हाच धाकट्या बहिणीचा तुळिंजहून फोन आला. "दादा, त्या चोरघंटेची पाटी काही ऐकेना. आकडे दाबून दाबून बोट दुखलं. आणि रात्री भोंगा आपोआप बोंबलतो. तू एकदा येऊन जा."

तुळिंज म्हणजे नालासोपाऱ्याच्या पूर्वेचे, टेकडीच्या पायथ्याचे गाव. आता गाव म्हणायचे ते सवयीने. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, आणि चाळी-इमारती टेकडीला जाऊन भिडल्या. त्यांच्या मधोमध बहिणीचे जुने कौलारू घर उभे आहे. मेहुणे जाऊन सहा वर्षे झाली, भाचा जहाजावर नोकरीला. बहीण पहाटे लावणीला गेली की घरात तिच्या सासूबाई एकट्या. म्हणून भाच्याने चार वर्षांपूर्वी ही चोरघंटा बसवून दिली होती.

तिची रचना आधी सांगतो, म्हणजे पुढचे कळेल. चौकटीत काचेची बारीक नळी, तिच्यात दोन पातळ पट्ट्या. दाराच्या फळीवर लोहचुंबक. दार बंद असले की चुंबकाच्या ओढीने पट्ट्या एकमेकींना चिकटतात, दार उघडले की सुटतात. ही सुटल्याची वर्दी तारेने मुख्य पेटीला जाते आणि पेटी भोंगा वाजवते. दार उघडल्यावर घंटा वाजवण्याची ही युक्ती काही आजची नव्हे. अमेरिकेत ऑगस्टस पोप नावाच्या गृहस्थाने विजेच्या चोरघंटेचे पेटंट घेतले ते १८५३ साली. आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली, त्याच वर्षी! आकड्यांची पाटी, म्हणजे ज्याला हल्ली सगळे कीपॅड म्हणतात, ती मात्र फार पुढची. घरच्या माणसाने गुप्त आकडा दाबून पेटीला 'मी घरचाच' असे सांगायचे, एवढेच तिचे काम.

मी पोहोचलो तेव्हा बहीण नुकतीच चिखलाचे पाय धुऊन आली होती. बसवणाऱ्या माणसाने फोनवरच निकाल दिला होता : पाटी गेली, पेटीही जुनी झाली, सगळे नवीन घ्या. असे न बघता दिलेले निकाल मला कधी पटत नाहीत. गाय आटली की विकायचीच, असे म्हणणारा गोठ्यात काय शिकणार?

पाटीतला दिवा लागत होता. एक बटण दाबले की टुक् आवाज येई, दुसरे दाबले की दिवाच मान टाकी आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. दिवा मुळीच लागत नसता तर वीज पोहोचतच नाही असे म्हटले असते. दिवा लागतो आणि बटणे शांत राहतात, तेव्हा दोष बटणांत किंवा निरोपाच्या तारेत. पण काम मागितले की मान टाकते, याचा अर्थ उपाशी आहे. चुकीचा आकडा अनेकदा दाबला तर काही पाट्या मुद्दाम थोडा वेळ कुलूपबंद होतात, तेही लक्षात ठेवावे. अशा वेळी पुन्हा पुन्हा दाबत न बसता चहा पिऊन यावे.

माझे मात्र चुकले. पाटीच्या मागे एक छोटी कळ असते. पाटी भिंतीवरून उचकटली की कळ सुटते आणि भोंगा होतो. चोराने पाटी उपटू नये म्हणून ही सोय. मला ठाऊक असून मी पाटी सरळ उचकटली. भोंगा असा काही ओरडला की मावशींच्या हातातला चहा सांडला.

पाचेक मिनिटांनी तो आपोआप थांबला. मी दाराबाहेर आलो. समोरच्या चाळीच्या गॅलरीत कपडे वाळत होते, कुठेतरी रेडिओ चालू होता. एकही दार उघडले नव्हते.

मावशी म्हणाल्या, "पहिल्या रात्री काठ्या घेऊन आठ-दहा जण आले होते हो दादा. दुसऱ्या रात्री चार. मग समोरची सूनबाई म्हणाली, मावशी, तो भोंगा बंद करा, पोराची परीक्षा आहे. आता कोणी येत नाही."

पाटी बिघडल्यापेक्षा मला याची भीती अधिक वाटली.

कामाला लागलो. पेटीत २३० व्होल्टची वीज येते, म्हणून आधी मुख्य बटण बंद केले, पायात कोरड्या चपला. एकही तार सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवला. पूर्वी आम्ही तारांना रंगीत दोरे बांधत असू, फोटो बरा.

पेटीच्या तळाशी बारा व्होल्टची बंद बॅटरी असते, स्कूटरच्या बॅटरीची धाकटी बहीण म्हणा. वीज असेपर्यंत ती भरत राहते, गेली की घर सांभाळते. वय साधारण तीन ते पाच वर्षे, आणि आपल्या उन्हाळ्यात कमीच. हिच्या कडा फुगल्या होत्या. वीज बंद करून मीटर लावला तर काटा भराभर खाली आला आणि काही मिनिटांत दहाच्याही खाली गेला. बॅटरी मेलेली.

रात्रीच्या बोंबेचा उलगडा इथेच झाला. बाहेरच्या भोंग्याच्या पोटात त्याची स्वतःची छोटी बॅटरी असते. पेटीकडून येणारी वीज अचानक तुटली की त्याला वाटते चोराने तार कापली, आणि तो ओरडू लागतो. पावसाळ्यात रात्री वीज गेली की पेटीची बॅटरी क्षणभरही तग धरीत नसे, आणि भोंगा इमानाने बोंब मारी. बिचारा आपले काम चोख करीत होता आणि शिव्या खात होता.

नवी बॅटरी आणून बसवली. जुनी कचऱ्यात टाकू नका. आत शिसे आणि आम्ल असते. बॅटऱ्यांच्या कचऱ्याबद्दल २०२२ साली नवे नियमही झाले आहेत. दुकानदाराला परत द्या, बहुधा थोडे पैसेही सुटतात.

एवढ्याने पाटी सुधारली का? नाही. पेटीपाशी मीटर साडेतेरा दाखवी आणि पाटीपाशी जेमतेम नऊ. मधली साडेचार व्होल्ट वीज कोण खातो? तार धरून मागे मागे गेलो. पडवीच्या बाहेरच्या भिंतीतून तार आत येते तिथे जोड होता, नुसता पीळ देऊन वर चिकटपट्टी. पट्टी सोडली तर आतले तांबे हिरवे पडलेले, आणि भोकात मुंग्यांचे वारूळ. खाडीकडची खारी हवा, वर चार महिने पाऊस. तांबे तरी काय करील? हिरवा भाग कापून टाकला, ताज्या तारेला डाग दिला, वर नळी चढवली आणि भोक बाहेरून बुजवले. मीटर तेरावर आला. पाटीही पडवीतून काढून माजघराच्या कोरड्या भिंतीवर नेली.

पाटीच्या रबराखालचे काळे ठिपके आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने हलकेच पुसले. रॉकेल किंवा पाणी लावू नका. ओली वस्तू तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याचा उपाय हल्ली घरोघर सांगतात. तांदूळ भातासाठी ठेवा; पाटी उघडून पंख्याखाली ठेवलेली बरी. आणि बिनतारी पाटी असेल तर सगळ्यांत आधी सेल बदलून पाहा, निम्मे आजार तिथेच बरे होतात. पंपघराला किंवा गोदामाला अशी घंटा लावली असेल तर पावसाआधी एकदा वीज बंद करून बॅटरी किती वेळ टिकते ते पाहून ठेवा.

पुसताना आणखी एक गोष्ट दिसली. दहापैकी चारच बटणे चकचकीत घासलेली : एक, सहा, आठ, नऊ. बाकीच्यांवर धूळ. मी बहिणीला विचारले, "आकडा १९८६ ना? तुझ्या लग्नाचं साल." ती चपापली. चार आकड्यांचे दहा हजार प्रकार होतात. पण कोणते चार हे कळले तर फक्त चोवीस उरतात, आणि साल असेल असे मनात आले तर चोराला दोन-तीन प्रयत्न पुरे. आकडा बदलला. कोणता, ते मीही पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज बंद करून दोन तास थांबलो. भोंगा गप्प, पाटी जागी. इथली घंटा पोलीस ठाण्यात वाजत नाही, म्हणून ११२ हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहून मावशींच्या खाटेजवळ लावला. मग मावशींनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी एका ताटात घेतली, डोक्यावर पदर सारखा केला आणि स्वतः समोरच्या चाळीत गेल्या. तासाभराने परत आल्या.

"सगळ्या खोल्यांत सांगून आले," त्या म्हणाल्या. "म्हटलं, यंत्र नीट केलंय. आता वाजलं तर माझ्याकडे खरंच कोणीतरी आलंय."

"मग काय म्हणाले?" बहिणीने विचारले.

"सूनबाई म्हणाली, एकदा वाजवून दाखवा, आवाज नीट ओळखून ठेवतो. दादा, उद्या अकरा वाजता वाजवा. तिचा पोरगा तेव्हा शाळेत असतो."