जिंकलात ना? मग आता उठा!

आमच्या घरात गेलं वर्षभर एकच भांडण चालू आहे. विषय, जॉन सीना. हो, तोच तो डब्ल्यूडब्ल्यूईवाला, तोंडासमोर पंजा हलवणारा! एका पक्षात माझा मुलगा आणि नातू, दुसऱ्या पक्षात मी एकटी. सत्तरी उलटलेल्या बाईला यातलं काय कळतं, असं म्हणणाऱ्यांना आधीच सांगून ठेवते. नव्वदच्या दशकात वर्गात त्या पैलवानांचे पत्ते जप्त करून करून मला निम्म्यांची वजनं पाठ झाली होती. आणि घरी आले की चिरंजीव टीव्हीसमोर तेच बघत बसलेले असायचे.

तर भांडण असं. सीनाने जुलै २०२४ मध्ये टोरांटोला जाहीर केलं की २०२५ हे आपलं रिंगमधलं शेवटचं वर्ष. पुढे २० एप्रिल २०२५ ला लास व्हेगासच्या रेसलमेनियात त्याने कोडी रोड्सला हरवलं आणि सतराव्यांदा जागतिक विजेता झाला. रिक फ्लेअरचा सोळाचा विक्रम मोडला. अठ्ठेचाळिसावा वाढदिवस तीन दिवसांवर आला होता. नातू सोफ्यावर उभा राहून नाचला. "आजी, आता कशाला रिटायर होतोय तो? अजून दोन वर्षं तरी खेळेल बघ!"

मी म्हटलं, खेळणार नाही, आणि खेळू नये.

तो खेळला नाही. १३ डिसेंबर २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये गुंथरने त्याचा गळा आवळला आणि सीनाने हाताने थापटून हार मान्य केली. 'हार मानू नका' हे ज्याचं वर्षानुवर्षांचं ब्रीद, त्यानेच हार मानली! आमच्याकडे त्या दिवशी सुतक. एप्रिलमध्ये एवढा मोठा विजय मिळाला होता, तेव्हाच निवृत्ती पुढे ढकलायला हवी होती, असं अजूनही बापलेकांचं म्हणणं आहे. मला हे मुळातच चुकीचं वाटतं.

एक तर तो विजय कसला होता ते बघा. आपल्याकडे निकाली कुस्तीत समोरच्याला चीतपट केलं तर अंगात अजून रग आहे एवढं तरी सिद्ध होतं. इथे कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं. मी याला नुराकुस्ती म्हणून हिणवत नाही. त्यांचं पडणं खरं असतं, मोडलेली हाडंही खरी असतात. पण विजय हा तुमच्या गुडघ्यांची तपासणी नव्हे. एज नावाच्या पैलवानाने ३ एप्रिल २०११ च्या रेसलमेनियात आपलं अजिंक्यपद राखलं आणि आठच दिवसांनी मानेच्या दुखण्यामुळे निवृत्ती जाहीर केली. मानेने पट्ट्याला विचारलं नाही! (नऊ वर्षांनी तो परतला, पण तो मान सुधारल्यावर. पट्ट्यामुळे नाही.)

मुलगा म्हणतो, "आई, जिंकणं ठरलेलं असलं तरी लोकांचं प्रेम तर खरं ना? लोकांना तो हवाच होता." हा मुद्दा मात्र वजनदार आहे. पण मला सांगा, त्या वर्षी लोक एवढे भरभरून का आले? तो चालला होता म्हणून! निरोपाची तिकिटं विकायची आणि मग म्हणायचं, बेत बदलला. याला आमच्या वेळी फसवणूक म्हणत.

आणि प्रेमापोटी परतलेल्यांचं काय झालं? मार्च २००८ मध्ये शॉन मायकल्सने रिक फ्लेअरला हरवून निरोप दिला. फार हृद्य निरोप होता तो. पण फ्लेअर पुढे दुसऱ्या कंपनीत खेळलाच. पुन्हा एकदा 'शेवटची लढत' झाली ती जुलै २०२२ मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी. माझ्याच वयाचा माणूस हो! तिथे तो जिंकलाही. म्हणून काय बघवलं? खुद्द मायकल्सही २०१० साली निवृत्त झाला आणि २०१८ साली सौदीत एका लढतीसाठी परत उतरला.

या धंद्यात एक जुनी रीत आहे, जाणाऱ्याने हरून जायचं. आपल्या नावाचं वजन पुढच्याच्या खांद्यावर ठेवायचं. सीनालाही कधीकाळी कुणीतरी हरूनच मोठं केलं होतं. २००५ साली पहिलं जागतिक अजिंक्यपद मिळालं तेव्हा समोरचा हरायला तयार होता म्हणूनच ना? ते देणं त्याने डिसेंबरमध्ये फेडलं.

मी एवढ्या तावातावाने का बोलते? कारण मी स्वतः वेळेवर उठले नव्हते.

मी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले, त्या वर्षी माझ्या दहावीच्या वर्गाचा निकाल शंभर टक्के लागला. सत्कार, शाल, श्रीफळ. संस्थेचे लोक म्हणाले, "बाई, एवढा निकाल दिलात, आता जाऊ नका. मानधनावर दहावीचं मराठी घ्या." मी हुरळले. त्या वर्षीची मुलंच हुशार होती, पेपरही सोपा होता, हे मला ठाऊक होतं. तरी मी दोन वर्षं राहिले. एक तरुण शिक्षिका त्या वर्गाची वाट बघत होती. ती पाचवी-सहावीच घेत राहिली. एकदा शिक्षकखोलीत चहा पिताना हसत म्हणाली, "बाई, तुम्ही असताना मला दहावी कोण देणार?" मीही हसले! दुसऱ्या वर्षाअखेर ती दुसऱ्या गावच्या शाळेत निघून गेली. पुढे त्या शाळेला मराठीचं चांगलं माणूस मिळायला बराच काळ गेला. त्याचा दोष मी दुसऱ्या कुणाला देऊ?

त्या दोन वर्षांत माझा निकाल वाईट लागला नाही. पण मला कुणी शिकवायला ठेवलं नव्हतं, टाळ्या संपू नयेत म्हणून मीच थांबले होते.

असो. नातवाला यातलं काही पटलेलं नाही. त्याच्या मते गुंथर दुष्ट आहे आणि आजी गुंथरच्या बाजूची आहे. असेनही!

तुमच्यापैकी कुणी मोठ्या यशानंतर मुदतवाढ नाकारली असेल तर जरूर लिहा. घेतली असेल तर आधी लिहा.