‘लॉजिक’ म्हणजे काय नव्हे

मराठी घरांतून हल्लीं एका इंग्रजी शब्दाचा फार सुळसुळाट झाला आहे. मूल भर पावसांत खेळावयास निघालें कीं आई विचारते, ‘यांत लॉजिक काय?’ चित्रपट आवडला नाहीं कीं त्यांत ‘लॉजिक नाहीं’. कारण, हेतु, अर्थ, शहाणपण, सोय या ५ शब्दांचें ओझें या एकट्यावर लादलें गेलें आहे. परभाषेंतील शब्द घेण्यास आमची हरकत नाहीं. टेबल व स्टेशन आम्ही आनंदानें घेतलीं. हरकत आहे ती, शब्द घरांत घेऊन त्याचा अर्थ वेशीबाहेर ठेवण्यास.

ख्रिस्तपूर्व ४ थ्या शतकांत ॲरिस्टॉटलनें ज्या शास्त्राची घडी बसविली, तें गृहीत विधानांवरून निष्कर्ष अवश्यमेव निघतो कीं नाहीं, एवढेंच पाहतें. ‘सर्व पक्षी उडतात, शहामृग पक्षी आहे, म्हणून शहामृग उडतो’ हा युक्तिवाद रचनेनें निर्दोष आहे, खोटें आहे तें पहिलें विधान. उलट, ‘कित्येक मराठी माणसें कवि आहेत, तुकाराम मराठी, म्हणून तुकाराम कवि’ यांतील प्रत्येक विधान खरें, पण युक्तिवाद सदोष! तेव्हां ‘लॉजिक नाहीं’ म्हणणारानें प्रथम हें सांगावें कीं, चूक विधानांत आहे कीं सांध्यांत?

‘मग तर्क हा आपला शब्द वापरा’, असें कोणी म्हणेल. पण ‘मीं आपला तर्क केला’ याचा मराठींत अर्थ अंदाज! न्यायसूत्रांतील १६ पदार्थांतहि प्रमाण निराळें व तर्क निराळा. धुरावरून डोंगरावर अग्नि ठरविणें हें अनुमान. आणि तें दुसऱ्यास पटवितांना प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय व निगमन अशा ५ पायऱ्या चढाव्या लागत. हेतु खोटा असल्यास तो कोणत्या जातीचा हेत्वाभास, हेंहि सांगावें लागे. नुसतें नाक मुरडून भागत नसे.

हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. मुलगी शिल्पकला शिकेन म्हणते. वडील म्हणतात, ‘यांत कांहीं लॉजिक नाहीं.’ वास्तविक त्यांस तिच्या पोटापाण्याची काळजी वाटते. ती काळजी खरी आहे, आदरणीयहि आहे. ती काळजी म्हणून बोलून दाखविली, तर मुलगी तिला उत्तर देऊं शकेल. तिच्यावर शास्त्राचा झगा चढविला कीं बोलणेंच खुंटतें. ज्यांस आपला हेतु सांगतां येत नाहीं, त्यांनीं दुसऱ्याच्या बुद्धीवर ठपका ठेवूं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे.