अकरा मिनिटांचा उपचार

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची बातमी अलीकडे बहुतेक वेळा लशीची असते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हावॅक’ जानेवारी २०२३ मध्ये आली, तेव्हापासून चर्चा शाळकरी मुलींभोवती फिरते आहे. ते योग्यच आहे. पण त्या मुलींच्या आयांचे काय? शरीरात आधीच मुक्काम ठोकलेल्या एचपीव्ही विषाणूला लस घालवू शकत नाही. तिशी-चाळिशीतल्या स्त्रियांसाठी मुख्य आधार तपासणीचा, आणि दोष आढळल्यास वेळेवर उपचाराचा.

तपासणीचे चित्र फारच वाईट आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ३० ते ४९ वयाच्या जेमतेम १.९ टक्के स्त्रियांनी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी केलेली होती. दुसरीकडे, २०२२ मध्ये या आजाराने देशात सुमारे ८० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे.

वास्तविक हा कर्करोग सावकाश वाढतो. असामान्य पेशींचे कर्करोगात रूपांतर व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षे लागतात. सौम्य बदल तर अनेकदा आपोआप नाहीसे होतात. जे गंभीर असतात ते या काळात नष्ट करता येतात. त्याची जुनी, साधी पद्धत म्हणजे क्रायोथेरपी. नायट्रस ऑक्साइड किंवा कार्बन डायऑक्साइड वायूने थंडगार केलेले धातूचे टोक गर्भाशयमुखावर टेकवायचे. तीन मिनिटे गोठवायचे, पाच मिनिटे थांबायचे, पुन्हा तीन मिनिटे गोठवायचे. भूल नाही, टाके नाहीत. थोड्या कळा येतात, पुढे काही आठवडे पाण्यासारखा स्राव जातो, महिनाभर शरीरसंबंध टाळायचा. दोष कालव्यात आत शिरलेला असेल, फार पसरलेला असेल किंवा कर्करोगाचीच शंका असेल, तर मात्र हा उपचार चालत नाही.

मग अडते कुठे? एक तर सिलिंडरपाशी. तो जड, पुन्हा भरून आणायचा, आणि दुर्गम भागात वायू मिळेल याची खात्री नाही. यावर तोडगा निघाला आहे: गोठवण्याऐवजी सुमारे १०० अंशांची उष्णता देणारे, हातात मावणारे, बॅटरीवर चालणारे यंत्र. काम मिनिटभराचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याला मान्यता दिली.

दुसरी अडचण यंत्राची नाही, रचनेची आहे. आपल्याकडे नर्सताई व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लाचा बोळा लावून तपासतात. मिनिटभरात डाग पांढरा दिसला, की बाईला वरच्या रुग्णालयात पाठवले जाते. तेथे जायचे म्हणजे मजुरी बुडणार, सोबत कुणी हवे, घरी कारण सांगायचे. चिठ्ठी घरीच राहते. शिबिराच्या अहवालात मात्र ‘तपासणी झाली’ अशी नोंद होते. माझ्या मते हा आकडा फसवा आहे. मोजायला हवे ते उपचार पूर्ण झालेल्यांना.

पुरावा आपल्याच राज्यात आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १ लाख ३१ हजार स्त्रियांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एचपीव्हीची चाचणी फक्त एकदा, आणि दोष सापडलेल्यांवर उपचार. एवढ्याने त्या गटातले या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आम्लाच्या एकदाच केलेल्या तपासणीने तसा ठळक फरक दिसला नाही. तरीही सरकारी कार्यक्रमाची मुख्य भिस्त अजून तिच्यावरच.

शेजारचा बीड जिल्हा दुसरी बाजू दाखवतो. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आले की, पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. अंगावरून जाणे, पोटदुखी अशा तक्रारींवर ‘पुढे कॅन्सर होईल’ ही भीती घालून शस्त्रक्रिया झाल्याचे अनेकींनी सांगितले. त्या भीतीचे उत्तर आधी साध्या चाचणीने द्यायला हवे होते, आणि असामान्य पेशी निघाल्याच, तर बहुधा पिशवी राखूनही उपचार होऊ शकला असता.

दिवाळीच्या सुमारास तोडीला गेलेली बाई गावी परतते ती उन्हाळ्याच्या तोंडावर. तिला ‘पुढच्या महिन्यात या’ सांगून उपयोग नाही. तपासणी आणि उपचार एकाच दिवशी व्हायला हवेत, तेही टोळी निघण्यापूर्वी. वर्षाने फेरतपासणी लागते. ती पुढच्या हंगामाआधी सहज बसते.