फ्रेंच ओपन: रात्री पावणेबाराची मॅच पुरुषांचीच का?

फ्रेंच ओपन रोज फॉलो करायची, तर जळगाव-धुळ्यात टीव्ही दुपारी अडीचलाच लावावा लागतो. पॅरिसमध्ये तेव्हा सकाळचे ११ वाजलेले असतात. दिवसाची सर्वात मोठी मॅच मात्र आपल्याकडे रात्री ११:४५ला, म्हणजे गाव झोपल्यावर.

२०२१मध्ये सुरू झालेल्या या रात्रीच्या सत्रात एकच मॅच असते. २०२४ आणि २०२५मध्ये ती एकदाही महिलांची नव्हती. आयोजक म्हणतात, महिलांची मॅच तीन सेटची. लवकर संपली तर वेगळं तिकीट काढलेल्यांचं काय? ट्युनिशियाच्या ओन्स जाबेरने २०२५मध्ये यावर उघड टीका केली. कारण लंगडंच आहे. ऑस्ट्रेलियन आणि यूएस ओपनमध्ये रात्री दोन मॅच होतात, एक महिलांची, एक पुरुषांची. खान्देशातल्या प्रेक्षकाची झोप वाचते, एवढंच.