अश्रूंच्या भरवशावर

नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. परंतु त्यांतील एका तरतुदीकडे सुशिक्षित नोकरवर्गाचे जावे तितके लक्ष गेलेले नाही. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी संगनमताने एकाच दिवशी नैमित्तिक रजा घेतल्यास तो संप समजला जाईल, आणि संपास चौदा दिवसांची आगाऊ सूचना हवी. २ जुलै २०२२ रोजी इंडिगो कंपनीच्या विमानांतील पुष्कळ सेवकवर्ग एकाच वेळी 'आजारी' पडला आणि निम्म्याहून अधिक उड्डाणांस विलंब झाला. रजा आजारपणाची की नैमित्तिक, हा वाद वकील घालोत. ज्यांच्यापाशी संघटना नाही, त्यांचे हे एकमेव हत्यार होते, हे विसरून चालणार नाही.

बीडच्या पत्राने विमानांची उठाठेव का करावी, असे कोणी विचारील. ज्या गावी रेल्वेच १७ सप्टेंबर २०२५ रोजी आली, तेथून विमान अद्याप दूर आहे, हे खरे. परंतु याच जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांनी कोयता बंद ठेवला, साखर संघास वाटाघाटीस बसविले आणि जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळविली. त्यांची दैना त्याने संपली नाही. उचल आहे, मुकादम आहे, पालातला संसार आहे. तथापि आपल्या श्रमाचा दर सर्वांनी मिळून ठरवावयाचा असतो, हे ज्या माणसास अक्षर येत नाही त्यास कळते आणि पदवीधरास कळत नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

जेट एअरवेजचा इतिहास पाहा. ऑक्टोबर २००८ मध्ये सुमारे १९०० जणांस काढल्यावर ते तरुण मुंबईत राज ठाकरे यांच्या दारी गेले. त्यांच्या इशाऱ्यानंतर दोन दिवसांत नरेश गोयल यांनी निर्णय फिरविला. कर्मचाऱ्यांचे अश्रू आपणांस पाहवले नाहीत, असे कारण दिले. नोकरी परत मिळाली, हक्क मिळाला नाही. १७ एप्रिल २०१९ रोजी कंपनीचे शेवटचे विमान उडाले, तेव्हा हजारोंचे पगार थकलेले होते, आणि या वेळी कोणाच्याही अश्रूंना भाव आला नाही. भविष्यनिर्वाह निधी व उपदान यांसाठी त्यांना न्यायाधिकरणापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावे लागले. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याच न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला.

उपदान ही काही मालकाची बक्षिसी नव्हे. तो मागे ठेवलेला पगार होय. वरिष्ठांचा असा मागे ठेवलेला पगार मात्र कसा जपला जातो, ते अमेरिकेत दिसले. डेल्टा कंपनीने २००२ मध्ये सामान्य नोकरांच्या निवृत्तिवेतनाची पद्धत बदलण्याचे ठरविले. त्यात पुष्कळांचे नुकसान होते. त्याच सुमारास कंपनी बुडाली तरी हात लागणार नाही, अशा विश्वस्त निधीत वरिष्ठांच्या निवृत्तिवेतनाची रक्कम ठेवल्याचे उघडकीस आले. वैमानिक वगळता तेथील बहुतेक नोकरवर्ग असंघटित. प्रमुख लिओ मलिन यांनी वेतनाचा काही भाग सोडला आणि ते वर्षअखेरपर्यंत पदावर राहिले. अमेरिकन एअरलाइन्समध्ये असेच उघड झाले, तेव्हा कामगार संघटनांच्या संतापापुढे डॉन कार्टी यांना २४ एप्रिल २००३ रोजी पद सोडावे लागले. अपराध सारखाच, फरक संघटनेचा होता.

मार्च २०२० मध्ये इंडिगोने वेतनकपात जाहीर करताना प्रमुखाचे २५ टक्के, विमानातील सेवकांचे १० टक्के आणि तळाच्या दोन श्रेणींचे काहीच नाही, असा क्रम ठेवला होता. हे न्यायाला धरून होते, हे आम्ही मोकळेपणे मान्य करतो. परंतु कोट्यवधींतून चौथा हिस्सा गेला तर घरभाडे थकत नाही. थोडक्या पगारातून दहावा हिस्सा गेला तर थकते.

कंपनी कायद्याच्या १९७व्या कलमानुसार शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपनीस प्रत्येक संचालकाचे वेतन मध्यम कर्मचाऱ्याच्या किती पट आहे, हे वार्षिक अहवालात छापावे लागते. तो आकडा कर्मचाऱ्यांनी वाचला पाहिजे, आणि नव्या संहितेने वाटाघाटीच्या मान्यतेसाठी घातलेली ५१ टक्क्यांची अट पुरी करून तो टेबलावर मांडला पाहिजे. सरकारनेही, सामुदायिक रजेवर लगाम घातलाच आहे तर, ज्या वर्षी नोकरांच्या सवलती कापल्या जातील त्या वर्षी संचालकांच्या वेतनवाढीस कायद्याने बंदी करावी.