ऐकण्याची मजुरी

आपल्या समाजात हाताच्या कामाला थोडीफार मजुरी मिळते. कानाच्या कामाला ती देण्याची आपली तयारी नसते. ऐन दिवाळीत फराळाच्या ताटाशेजारी ही तक्रार मांडतो आहे, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. आरोपीच्या पिंजऱ्यात पहिला मीच उभा आहे, एवढे मात्र आधीच सांगून टाकतो.

माझ्याकडे एक जुनी बुलेट आहे. ही मोटारसायकल मूळची विलायती. सुयांच्या कारखान्यांसाठी नावाजलेले इंग्लंडातील रेडिच हे तिचे माहेर. १९५५ साली मद्रासेस तिचे बिऱ्हाड थाटले गेले. पुढे माहेरचा कारखाना बंद पडला, तरी सासरी वंश चालूच राहिला. अशा या खानदानी गाडीच्या मागच्या चाकातून एके दिवशी घरघर येऊ लागली.

शहरातल्या एका दुकानात ती नेली. दुकानदाराने चाकाला हातही न लावता सांगितले, "चेन बदला." बदलली. घरघर तशीच. मग ब्रेकचे लायनर बदलले, मग हबातली दोन्ही बेअरिंगे. गाडी महिनाभर गप्प बसली आणि मग पहिल्यापेक्षा मोठ्याने बोलू लागली. तिन्ही वेळा मी मुकाट्याने पैसे मोजले. कारण तिन्ही वेळा जुना भाग कागदात गुंडाळून माझ्या हाती दिला गेला होता!

पुढे सोलापूरच्या रस्त्याने जाताना, यवत मागे पडल्यावर, तो आवाज इतका वाढला की मागे बसलेल्या पत्नीने खांद्यावर हात ठेवून गाडी थांबवायला लावली. गाव होते भांडगाव. रस्त्याकडेला एका म्हाताऱ्या मिस्त्रींचे पत्र्याचे दुकान होते. मी म्हणालो, "मिस्त्री, बेअरिंग बदलून टाका."

"आधी ऐकू तर द्या, साहेब," ते म्हणाले.

त्यांनी मला उतारावर इंजिन बंद करून, क्लच दाबून गाडी सोडायला लावली. घरघर चालूच, म्हणजे इंजिन निर्दोष. मग गाडी मधल्या स्टँडवर घेतली, चेन उतरवली आणि चाक हाताने फिरवले. घरघर चालूच; म्हणजे चेन सुटली. ब्रेक सैल केला, तोही सुटला. मग स्क्रू-ड्रायव्हरचे टोक आसावर टेकवून मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून चाक फिरवले. शेवटी आसाचा नट किंचित ढिला केला, तशी घरघर निम्म्यावर आली. मिस्त्री हसले. "बेअरिंग नवं आहे. त्याला कुणीतरी चिरडतंय."

हब उघडला. दोन बेअरिंगांच्या मध्ये एक साधी लोखंडी नळी असते. नट आवळला की दाब त्या नळीवर जातो आणि दोन्ही बेअरिंगांच्या आतल्या कड्या आपापल्या जागी राहतात. शहरातल्या दुकानात ती नळी परत बसवायची राहिली होती! नट आवळताच आतल्या कड्या एकमेकींकडे ओढल्या जात आणि गोळ्या बाजूने रगडल्या जात. आणखी काही दिवसांनी भर वेगात ते चाक जाम झाले असते, तर हा लेख लिहायला मी उरलो नसतो.

दौंडहून नवी बेअरिंगे आली. नळी मिस्त्रींनी आपल्या जुन्या डब्यातून शोधून काढली. मजुरी ऐकून मी मात्र म्हणालो, "एवढ्याशा नळीचे एवढे?"

"नळीचे नाहीत, साहेब. नळी तर फुकट दिली."

या उत्तराची लाज मला अजून वाटते. शहरातला दुकानदार वाईट म्हणून वस्तू विकतो, असे नाही. आपण वस्तूचेच पैसे देतो, म्हणून तो वस्तू विकायला शिकला. डॉक्टरांनी नीट तपासून "औषधाची गरज नाही" म्हटले की आपल्याला फसल्यासारखे वाटते. चार गोळ्या लिहून दिल्या की समाधान! विहिरीचा पंप असो की आजोबांचे घड्याळ, दोष शोधणाऱ्याला आपण चहा पाजतो आणि भाग विकणाऱ्याला पैसे देतो.

कुणी म्हणेल, आता यंत्रेच दोष सांगतात. कान हवेत कशाला? सांगतात खरी, पण जिथे तार जोडलेली असते तिथलेच. माझ्या हबातल्या नळीला तार नव्हती. दुसरा म्हणेल, शोधण्याच्या नावाखाली कुणी लुबाडले तर? ही शंका रास्त आहे. पण खरा शोध उघड्यावर चालतो. एकेक संशयित बाजूला काढायचा आणि पुन्हा ऐकायचे, एवढीच ती रीत. शेजारी उभे राहिले तर शाळकरी पोरालाही ती कळते. "बदलून टाका" या दोन शब्दांत मात्र काहीच तपासता येत नाही. चेन झिजते, रबर मरते, भाग बदलावे लागतातच; माझे भांडण बदलण्याशी नाही, न शोधता बदलण्याशी आहे.

त्या दुकानात हाताखाली शिकणारे एकही पोर दिसले नाही. का असावे? ज्या विद्येला गिऱ्हाईक दमडी देत नाही, ती कोण शिकेल?

तेव्हा वाचकहो, दिवाळीनंतर घरातले काहीही दुरुस्तीला न्याल, तेव्हा भागाची किंमत विचारण्याआधी एवढेच विचारा: "दोष शोधण्याचे किती घ्याल?" आणि तो सांगेल ते, घासाघीस न करता, द्या. मी भांडगावला पुन्हा गेलो, तेव्हा राहिलेली बाकी आधी चुकती केली.