बसतंय ना? मग झालं!

'बसतंय ना? मग झालं!' या एका वाक्यावर आपले निम्मे संसार चालतात. नळाच्या वॉशरपुरतं ते ठीक आहे. पण बंदुकीच्या काडतुसालाही कोणी हाच न्याय लावू लागला, तर माझा सक्त विरोध आहे.

अमेरिकेत हौशी लोक घरी पापड लाटावेत तशी काडतुसं भरतात. (आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. बिनपरवाना भराल, तर पापड तुरुंगात लाटावे लागतील.) रिकामी पुंगळी घ्यायची, दारू मोजून घालायची, वर गोळी दाबायची. भांडण आहे ते गोळी किती दाबायची यावर.

लांबपक्षीय म्हणतात, गोळी नळीतल्या पिळांना भिडवा, नेम सुधारतो. अहो, पण ती पिळांना टेकली की दाब चढतो. आणि एवढं लांब काडतूस मॅगझिनमध्ये शिरायचं कसं? आखूडपक्षीय म्हणतात, खोल दाबा, कुठेही बसेल. बसेल हो! पण ९ मिलिमीटरच्या इवल्या पुंगळीत गोळी जास्त खोल गेली की दारूची जागा आक्रसते, आणि दाब पुन्हा चढतोच.

तिसरे पुस्तकपक्षीय. थर्टी-ऑट-सिक्स रायफलीच्या काडतुसाला पुस्तकात ३.३४० इंच दिलेत, म्हणून हे तेवढं भरूनच थांबतात. ती कमाल मर्यादा आहे, महाराज! ओव्हरड्राफ्टची मर्यादा म्हणजे खात्यातली शिल्लक नव्हे, हे मी काउंटरवर रोज सांगतो, तेच इथंही सांगतो.

१९३५ साली ३५७ मॅग्नम काढणारे खरे शहाणे. त्यांनी पुंगळी ३८ स्पेशलपेक्षा सुमारे एक अष्टमांश इंच लांब ठेवली. का, तर हे जोरकस काडतूस ३८ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसूच नये! माणसाच्या अकलेवर विसंबायचं नाही, हे त्यांना कळलं होतं.

बारा बोअरला हे संरक्षण नाही. डब्यावरचे ७० मिलिमीटर म्हणजे बार उडून तोंड उलगडल्यानंतरची लांबी. भरलेलं काडतूस त्याहून आखूड. म्हणून जुन्या ६५ मिलिमीटरच्या बंदुकीत ते गोड बोलणाऱ्या कर्जदारासारखं गुपचूप बसतं. उडताना तोंड उलगडायला जागा नसते, मग दाब वाढतो. हप्ता थकला तर नोटीस तरी पाठवता येते; इथं नळी फुटली, तर सही करायला बोटं कुठून आणणार?

तेव्हा प्रत्येक बंदुकीचं खातं वेगळं. तिची नळी, तिचं मॅगझिन आणि ती विशिष्ट गोळी मोजून लांबी ठरवा. मोजायचा कंटाळा असेल, तर पापडच लाटा.